मोडीत गेलेला इतिहास : घरातील जुन्या वस्तू, त्यांचे संग्राहक आणि आपला कासार समाज

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात गेले. इतिहासावर लिहिण्याचा आमचा अधिकार तो कितीसा ! परंतु राजेरजवाड्यांच्या व लढायांच्या इतिहासाखेरीज आणखी एक इतिहास आहे. तो प्रत्येकाच्या माजघरात, देवघरात आणि फडताळात पडलेला असतो. तो वाचण्यास पदवी लागत नाही, डोळे लागतात. आणि त्या इतिहासाशी आपल्या समाजाचा जितका निकटचा संबंध आहे, तितका फार थोड्या समाजांचा असेल. म्हणून धीर करून हा लेख वाचकांच्या हाती देत आहोत.

‘कासार’ हा शब्द ‘कांस्यकार’ या संस्कृत शब्दापासून आला, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. कांसे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. साधारणतः चार भाग तांबे व एक भाग कथील. पितळ म्हणजे तांबे व जस्त. महाराष्ट्रात आपल्या पूर्वजांनी भांडी आणि बांगड्या असे दोन्ही व्यवसाय केले. घरात नवी सून आली की तिच्या हातांत चुडा आपणच भरला, आणि तिच्या रुखवतातील समई, ताम्हन, पंचपाळे, तांब्या व फुलपात्रही आपल्याच दुकानातून गेले. तात्पर्य, घराची शोभा व देहाची शोभा या दोहोंचे आपण पुरवठादार. मग त्या शोभेचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे कर्तव्य प्रथम आपल्याकडेच येते.

आमच्या बाळपणी, म्हणजे सुमारे साठ वर्षांपूर्वी, सिद्धेश्वरच्या परिसरातील बऱ्या स्थितीतील घरात गेल्यास काय दिसे, ते प्रथम सांगतो. ओसरीवर पानाचे तबक अथवा पितळेचे पानदान, त्यात कात, चुना, लवंग, वेलदोडा यांच्या निरनिराळ्या डब्या, आणि शेजारी अडकित्ता. खाली थुंकण्यासाठी तस्त. माजघरात तुळईला साखळीने टांगलेला लामणदिवा. देवघरात समई, निरांजन, पळी-पंचपात्र. न्हाणीघरात तांब्याचे घंगाळ, आणि पायाच्या टाचा घासण्याची वज्री. बायकांच्या फणी-करंड्याच्या पेटीत लाकडी फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी व लहानसा आरसा. म्हाताऱ्यांच्या कमरेला चंची, तर म्हाताऱ्या बायकांच्या कमरेला बटवा. कारकुनी करणाऱ्याच्या घरी कलमदान व दौत. पावसाळ्यात सोंगट्यांचा पट निघे.

या वस्तूंचे वैशिष्ट्य असे की, त्यांपैकी एकही केवळ शोभेसाठी केलेली नव्हती, आणि एकही शोभेवाचून केलेली नव्हती. सुपारी कातरण्यास दोन पाती व एक खीळ पुरेशी असते. परंतु कारागिराने त्या अडकित्त्याच्या मुठी मोराच्या मानेसारख्या वळविल्या. टाच घासण्यास नुसता खरबरीत तुकडा चालला असता. पण वज्रीच्या पाठीवर त्याने हत्ती, पोपट वा घोडेस्वार बसविला, आणि कित्येक वज्र्यांच्या पोटात खडे घालून त्या घासताना वाजतील अशीही सोय केली. न्हाणीघरात, जेथे कोणी परका पाहावयास येत नाही, तेथील वस्तूसुद्धा सुंदर असावी असे ज्या लोकांस वाटे, ते लोक दरिद्री असले तरी असंस्कृत नव्हते.

ही दृष्टी आजकालची नव्हे. आपल्या मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. सातवाहनांच्या काळी ही मोठी व्यापारपेठ होती आणि तेथील माल पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमन साम्राज्यापर्यंत जात असे. या गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीत, पांढरीत सापडणाऱ्या प्राचीन वस्तू अनेक वर्षे चिकाटीने गोळा केल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, नाणी, आणि हस्तिदंतात कोरलेली एक सुंदर स्त्रीप्रतिमा. आज हा संग्रह तेर येथे त्यांच्याच नावाने शासकीय वस्तुसंग्रहालय म्हणून उभा आहे. ज्या वस्तू नांगराच्या फाळाला लागून फुटावयाच्या, पोरांनी खेळून हरवावयाच्या, त्या एका गृहस्थाच्या आस्थेमुळे टिकल्या.

या हस्तिदंती प्रतिमेची कथा मोठी आश्चर्यकारक आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आरशाची मूठ असावी अथवा एखाद्या लहान आसनाचा पाय असावा, असे तर्क विद्वानांनी केले आहेत. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंतावरील तशाच धाटणीचे काम मिळाले, आणि तेर व भोकरदन येथील कामाशी पाँपेईच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. वाचकहो, विचार करा ! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातील कारागिरांच्या हातचे, निदान त्यांच्याशी नाते सांगणारे काम, सात समुद्रांपलीकडील एका धनिकाच्या घरात शोभेस ठेवलेले होते. आणि तेरच्या त्या शंखाच्या बांगड्या ! त्या कोणाच्या हातांत कोणी भरल्या, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्या भरणाऱ्या हातांशी आपले धंद्याचे नाते आहे, असे आम्हांस त्या काचेच्या पेटीपुढे उभे असताना वाटल्यावाचून राहिले नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आपल्या वाडवडिलांना मोठी खरेदी, कोर्टकचेरी, दवाखाना यांसाठी हैदराबाद गाठावे लागे. त्या हैदराबादेत सालारजंग घराणे दिवाणगिरीसाठी प्रसिद्ध होते. या घराण्यातील तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान यांचा जन्म १८८९ चा. १९१२ ते १९१४ या काळात ते निजामाचे दिवाण होते. ते पद सोडल्यावर त्यांनी आपले आयुष्य व आपली संपत्ती वस्तूंच्या संग्रहात ओतली. त्यांनी विवाह केला नाही. १९४९ च्या मार्च महिन्यात ते निवर्तले, तेव्हा मागे वारस नव्हता. मागे उरल्या त्या वस्तू. १६ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यातच पंडित नेहरूंच्या हस्ते हे संग्रहालय लोकांसाठी उघडण्यात आले, १९६१ साली संसदेच्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला, आणि १९६८ साली ते मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत गेले.

तेथे युरोपातील संगमरवरी पुतळे आहेत, चिनी मातीची भांडी आहेत, दर तासाला ठोके देणाऱ्या बाहुल्याचे घड्याळ आहे. लोक त्या घड्याळापुढे गर्दी करतात. परंतु आपण कासारांनी ज्या दालनात अधिक वेळ थांबावे, ते बिदरी कामाचे. बिदर हे शहरही त्या वेळी निजामाच्याच राज्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते कर्नाटकाकडे गेले. बिदरी वस्तू म्हणजे हुक्क्याचे तळ, पानदाने, अत्तरदाण्या, फुलदाण्या, हात धुण्याच्या चिलमच्या. पुष्कळांची समजूत अशी आहे की, हे काम लोखंडाचे असते. ती चूक आहे. बिदरीचा धातू मुख्यतः जस्त असून त्यात थोडेसे तांबे मिसळलेले असते. मातीच्या साच्यात वस्तू ओतून घेतात, कानशीने घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करून तीवर नक्षी रेखाटतात, छिन्नीने ती नक्षी कोरतात, आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या पाण्यात वस्तू घातली की जस्त कायमचे काळेभोर होते, आणि चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. काळ्या मेघात वीज चमकावी तशी ती नक्षी दिसते. या कामास २००६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

सालारजंग हे मोठे सरदार. त्यांच्यापाशी जहागिरी होत्या. सामान्य माणसाने संग्रह करावयाचा तर कसा, या प्रश्नाचे उत्तर पुण्यात मिळते. पुण्याच्या शुक्रवार पेठेत ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. उपजीविकेसाठी चष्म्यांचे दुकान होते. जहागीर नव्हती, दिवाणगिरी नव्हती. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि पत्नी कमलाबाई यांनी त्यांना या कामी मनापासून साथ दिली. या दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच गेला. मूल गेलेल्या बापाचे दुःख काय असते, ते आम्ही लिहावयास नको. केळकरांनी त्या दुःखाला वाट करून दिली ती अशी, की आपल्या साऱ्या संग्रहाला त्यांनी त्या मुलाचे नाव दिले. १९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली, आणि १९७५ साली त्यांनी हा सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार मांडलेल्या असतात. १९९० साली केळकरांचे निधन झाले.

सेवेत असताना एकदा पुण्यास जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही हे संग्रहालय पाहिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तेथे उभे केलेले दालन पाहण्यास लोक उत्सुक असतात. आमचे पाय मात्र अडकित्त्यांच्या कपाटापुढे खिळले. किती तऱ्हा, किती आकार ! नंतर दिवे, या दिव्यांविषयी तर केळकरांनी ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तकच लिहिले असून ते १९६१ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने छापले. त्यानंतर वज्र्या, फण्या, करंडे, पानदाने, दौती, कुलुपे, स्वयंपाकघरातील साचे. राजाच्या मुकुटाला जितका मान, तितकाच कुणबिणीच्या काजळाच्या डबीला. आम्ही पाहिले व आम्हांस लाज वाटली. ती लाज का वाटली, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आमच्या वडिलांचे भांड्यांचे लहानसे दुकान होते व ते आठवड्याच्या बाजारांतही पाल ठोकीत. त्या दुकानात दोन तराजू असत. एक नव्या भांड्यांचा, दुसरा मोडीचा. गिऱ्हाइकाने जुने भांडे आणावे, ते मोडीच्या तराजूत पडावे, वजनाप्रमाणे त्याची किंमत वजा होऊन नवे भांडे मिळावे, ही रीत. मोडीचे पोते भरले की ते भट्टीवर जाई. यात फसवणूक काही नव्हती. वडील वजनात प्रामाणिक होते. परंतु तराजूला वजन कळते, वय कळत नाही. आणि नक्षी तर मुळीच कळत नाही. शंभर वर्षांची समई आणि काल फुटलेला गडू त्या पारड्यात एकच.

आमच्या बाळपणीच पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही दोन धरणे झाली. १९६८ साली ती पूर्ण झाली. सिद्धेश्वरचे मातीचे धरण सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्याच्या पाण्याने पुष्कळ शेते भिजली व पुष्कळांची चूल पेटली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु ज्यांची घरे व जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांना गाडीत मावेल तेवढेच घेऊन निघावे लागले. तुळया, दारे, जाती, उखळे आणि भांडी यांत निवड करावी लागली. त्या दिवसांत वडिलांच्या दुकानी बैलगाड्या येऊन थांबत. घंगाळे, हंडे, समया, लामणदिवे ओट्यावर ओतले जात. आम्ही आठदहा वर्षांचे पोर. पितळेच्या त्या ढिगाऱ्यावर चढून बसण्यात आम्हांस मौज वाटे.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. धरणाच्या वेळी लोक जागेअभावी विकीत होते. आता ते पोटासाठी विकू लागले. जी वस्तू बायका ओट्यावर ठेवीत, तिच्याकडे त्या पाहत नसत. तराजूकडेही पाहत नसत. “कासारमामा, काय द्यायचे ते द्या,” एवढेच बोलत. पानदान गेले, कारण पान खाण्याची ऐपत राहिली नाही. लामणदिवा गेला, कारण तेल नव्हते. पैंजण व तोडे सोनारांकडे गेले. दुष्काळ सरला, पण वस्तू परत आल्या नाहीत. त्यापुढे स्टेनलेस स्टील आले, त्याला कल्हई नको, चिंच नको, राख नको. वीज आली आणि समई सणापुरती उरली. प्लास्टिकच्या बादलीने घंगाळाला हाकलले. बायकांचे कष्ट वाचले, ही गोष्ट चांगलीच झाली. जड घंगाळ घासणाऱ्या हातांस जुन्याचे गोडवे ऐकविणे सोपे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की वापरातून जाणे वेगळे आणि वितळून जाणे वेगळे.

वडील वारल्यावर दुकानाच्या गादीखालील पेटी आम्ही उघडली. तीत जुन्या चोपड्यांखाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन वस्तू निघाल्या : मोराच्या मुठींचा एक अडकित्ता, पोपट बसविलेली एक वज्री आणि एक लहान समई. वडिलांनी मोडीत घेतलेल्या शेकडो मण पितळेपैकी या तीनच त्यांनी भट्टीवर धाडल्या नव्हत्या. का, हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांची पैशाची ओढाताण आम्ही जाणतो. तेव्हा तीन वस्तू बाजूस काढणे हीसुद्धा त्यांच्या ऐपतीबाहेरचीच चैन होती. ज्या तराजूचा आम्हांस राग होता, त्या तराजूमागे बसलेल्या माणसाला नक्षी दिसत होती, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

समईच्या बैठकीखाली अक्षरे कोरलेली होती. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत सर्वांस ठाऊक आहेच. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्या मुलीचे नाव, गाव आणि शके १८५४. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे ही समई १९३२ च्या सुमाराची, एका बापाने लेकीस लग्नात दिलेली. गावाचे नाव वाचून आम्ही दचकलो. तो शिवार आता पाण्यात आहे.

निवृत्तीनंतर मोकळा वेळ होता. आम्ही त्या घराण्याचा तपास सुरू केला. जुन्या विद्यार्थ्यांस विचारीत विचारीत वर्षभराने एका वसतीवर पोहोचलो. तेथे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई भेटल्या. फडके सोडून समई त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली नाही, अक्षरे वाचविण्यास कोणास सांगितले नाही. नुसता तिच्या दांड्यावरून हात फिरविला आणि एका ठिकाणी बोट थांबविले. तेथे एक बारीक पोचा होता. “गुरुजी, हा पोचा माझ्या हातानं पडला. मायनं मारलं होतं मला.” पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही.

आम्ही ती समई त्यांस देण्यासाठीच नेली होती. त्यांनी ती घेतली नाही. “माय गेली, घर गेलं. इथं पोरं ही ठेवतील का इकतील, कुणाला ठावं ! तुमच्या बापानं इतके वर्स ठेवली, तुमीच ठेवा. पण कुठं तरी मायचं नाव लिवा.” त्यांच्या मातोश्रींचे नाव आम्ही आमच्या वहीत त्याच वेळी लिहिले. येथे छापीत नाही. ते त्या घरचे आहे. परंतु त्या दिवसापासून आम्ही एक नोंदवही घातली आहे, आणि तिचे पहिले पान त्या समईचे आहे.

या प्रसंगावरून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे मांडतो. तेर, हैदराबाद व पुणे येथील संग्रह थोर आहेत. परंतु तेथील पुष्कळशा वस्तू आता मुक्या आहेत. हा करंडा कोणाच्या कपाळाच्या कुंकवाचा, ही फणी कोणाच्या केसांतून फिरली, हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या घरातील वस्तू अद्याप मुक्या झालेल्या नाहीत. त्यांची भाषा जाणणारी माणसे जिवंत आहेत. मात्र ती थकली आहेत. वस्तू हरविली तर एखादे वेळी दुसरी तशीच मिळेल. तिची हकीकत हरविली तर मिळणार नाही.

म्हणून आमची आपल्या प्रत्येक घरास अशी सूचना आहे की, एक वही करावी. वस्तूचे घरातले नाव, धातू, उंची व वजन, तिच्यावरील अक्षरे, ती कोणी, केव्हा व कोठून आणली, कशासाठी वापरीत, आणि ही माहिती कोणी सांगितली, एवढे लिहावे. हल्ली मुलांच्या हाती मोबाईल असतोच. त्याने वस्तूचे समोरून, पाठीमागून व बुडाचे असे छायाचित्र घ्यावे. आजीला ती वस्तू हातात देऊन बोलते करावे. अक्षरांत शक असेल तर ७८ मिळवावे. आपल्या भागात निजामी अमलामुळे फसली सनही आढळतो. त्यात ५९० मिळविले की इसवी सन जवळपास येतो. फसली सन पाहून वस्तू सहाशे वर्षांची आहे असे समजणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

दुसरी सूचना जपणुकीची. जुन्या पितळेवर चढलेला गडद रंग म्हणजे मळ नव्हे. ते तिचे वय आहे. तीव्र आम्लाने वा खरबरीत काथ्याने ती घासू नये. त्यायोगे बारीक नक्षी झिजते. मऊ कापडाने धूळ पुसावी व वस्तू कोरडी ठेवावी. बिदरी वस्तूला तर चिंच वा लिंबू कधीही लावू नये. तिचा काळा रंगच तिचे सर्वस्व आहे, कापडाला थोडेसे तेल लावून पुसले की पुरे. मोडलेला भाग घाईने डाख लावून जोडू नये; तुकडे एका पुरचुंडीत बांधून वस्तूबरोबरच ठेवावेत.

तिसरी सूचना कायद्याची. पुरावस्तूंविषयीचा केंद्रीय कायदा १९७२ साली झाला व १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, आणि काही ठराविक वर्गांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते. आपल्यातील जे तरुण जुन्या वस्तूंची खरेदीविक्री करू लागले आहेत, त्यांनी हे जाणून असावे. दारोदार फिरून ‘जुनेपुराणे’ मागणाऱ्यांस वस्तू देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस एकदा तरी विचारावे.

आणि जे बांधव अद्याप भांड्यांचे दुकान चालवितात, त्यांस हात जोडून विनंती. मोडीचा तराजू बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तो अनेकांच्या चुलीचा आधार आहे. पण मोडीत आलेल्या प्रत्येक वस्तूचे बूड एकदा उलटून पाहावे. अक्षरे असतील तर ती उतरवून घ्यावीत, छायाचित्र काढावे, आणि मन झालेच तर वर्षातून एखादी वस्तू भट्टीवर न पाठविता बाजूस ठेवावी. आपल्या समाजाच्या प्रत्येक दुकानाने वर्षाला एक वस्तू वाचविली, तरी दहा वर्षांत समाजाच्या कार्यालयात एक कपाट भरेल. केळकरांनीही आरंभ काही वीस हजार वस्तूंनी केला नव्हता.

आमच्या घरी त्या तीन वस्तू आता उघड्यावर आहेत. अडकित्त्याचा व वज्रीचा मालक अद्याप सापडला नाही. त्यांच्यावर अक्षरे नाहीत. कोणा वाचकाच्या घरी मोराच्या मुठींचा अडकित्ता धरणाच्या वा दुष्काळाच्या वर्षी विकला गेल्याची आठवण असेल, तर त्यांनी अवश्य यावे, वस्तू पाहावी, आणि ओळख पटल्यास घेऊन जावी. समई मात्र दिवाळीच्या चार दिवसांत आम्ही लावतो. वात पेटविताना घरातील लहान मूल त्या बाईंच्या मातोश्रींचे नाव वाचून दाखविते. त्या घराशी आमचे रक्ताचे नाते नाही. परंतु आमच्या वडिलांनी त्यांचे पितळ तोलले होते, आणि त्या तोलाचे देणे आम्ही अशा रीतीने फेडीत आहोत.

लेखात काही न्यून राहिले असल्यास सुज्ञ वाचकांनी ते पदरात घ्यावे, आणि आपल्या घरातील वस्तूंच्या हकीकती पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी लिहून पाठवाव्यात, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.